दौऱ्याआधी चेनचा झोल: किती ठेवायचा, कसा मोजायचा

लांबच्या दौऱ्याला निघताना मोटरसायकलची चेन जरा जास्तच घट्ट करून घ्यायची सवय अनेकांना असते. वाटेत सैल पडू नये, एवढाच हेतू असतो, पण नुकसान तिथेच होतं. फार सैल चेन दातांवरून उडते हे खरंच. मात्र झोल (खालची चेन वरखाली हलते तेवढं अंतर) दिलेल्या मापापेक्षा चार-पाच मिमी जास्त राहिला तर सहसा थोडी खडखड होते, तेवढीच. उलट तितकीच घट्ट चेन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील खाते. बऱ्याच गाड्यांत ते बेअरिंग बदलायला इंजिन खोलावं लागतं.

कारण साधं आहे. पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याचा) पिव्हट म्हणजे बिजागरीची जागा, आणि मागच्या चाकाचा एक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. रिकामी गाडी उभी असताना एक्सल या रेषेच्या खाली असतो. मागे माणूस बसला, पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) भरले, वर खड्डा आला, की सस्पेन्शन दबतं, एक्सल वर सरकतो आणि चेन ताणली जाते. म्हणजे रिकाम्या गाडीवर 30 मिमी दिसणारा झोल भरल्या गाडीवर बराच कमी झालेला असतो. सामान बांधून झाल्यावर दोघांनी गाडीवर बसावं आणि तिसऱ्याने खालची चेन बोटाने हलवून पाहावी. ती वरखाली हललीच पाहिजे.

आपल्या गाडीचं माप मॅन्युअलमध्ये असतं, बहुतेकदा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवरही. रस्त्याच्या गाड्यांना साधारण 20 ते 35 मिमी, तर लांब सस्पेन्शनच्या अॅडव्हेंचर गाड्यांना 35 ते 45 मिमी किंवा त्याहून थोडं जास्त. मोजताना गाडी साइड स्टँडवर हवी की डबल स्टँडवर, तेही तिथेच वाचून घ्या. दोन्हींत माप वेगळं येतं.

खालच्या चेनच्या बरोबर मध्यावर पट्टी उभी धरा. चेन खाली दाबून एका पिनच्या मध्याचा आकडा वाचा, मग वर उचलून त्याच पिनचा. दोन्हींतला फरक म्हणजे झोल. एकदा मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा. समजा 31, 30, 22, 29 असे आकडे आले आणि गाडीचं माप 25 ते 35 आहे. इथे सरासरी काढायची नाही. 22 ची जागा खाली ठेवून तिथे झोल मापात आणायचा, म्हणजे चेन किंचित सैल करायची. जागोजागचा फरक 10 मिमीच्या पुढे गेला असेल, तर चेन असमान झिजली आहे; ती अॅडजस्ट करण्यात अर्थ नाही.

अॅडजस्ट करताना एक्सल नट सैल करा, मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर (एक्सल मागेपुढे सरकवणारे स्क्रू) पाव-पाव फेरा, दोन्हीकडे अगदी सारखे फिरवा. चेन सैल करायची असेल तर चाक पुढे ढकलायला विसरू नका. स्विंगआर्मवरच्या खुणा नेहमीच अचूक नसतात, म्हणून पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने ताडून पाहा. नट आवळण्याआधी फडक्याची घडी खालच्या चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये ठेवून चाक हाताने पुढे फिरवा. एक्सल अॅडजस्टरला घट्ट टेकतो. मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं आवळा आणि झोल पुन्हा मोजा, कारण नट आवळताना तो अनेकदा कमी होतो. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला.

सफाईला रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा. ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. पेट्रोल, तारेचा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा फवारा त्या रिंगा बिघडवतो, आणि आतलं ग्रीस गेलं की ते बाहेरून पुन्हा भरता येत नाही. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन कधीही पुसू नका. फडकं ओढलं जातं आणि बोटं तुटतात. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं.

वंगण दिवसाची रपेट संपल्यावर, चेन कोमट असताना द्या. 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल किंवा ओ-रिंगला चालणारा स्प्रे खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, रोलरच्या दोन्ही कडांना सोडा. रात्रभर मुरू द्या, सकाळी जादाचं पुसा. टायरवर ओघळ गेला असेल तर तोही. दर 500 किमीला हे करावं, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी.

मागच्या स्प्रॉकेटवर, अगदी मागच्या टोकाला, चेन धरून ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला, किंवा दात एका बाजूला वाकल्यासारखे टोकदार झाले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. 520, 525 किंवा 530 क्रमांकाच्या मापाच्या चेनच्या 20 कड्यांची लांबी नवी असताना 317.5 मिमी असते. ताणून धरून मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा.

सोबत एक्सल नटाला बसणारा पाना आणि आपल्याच चेनच्या मापाचं चेन लॉक (चेनची टोकं जोडणारी कडी) ठेवा. क्लिपवालं असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला येऊ द्या. नवी चेन टाकून निघाला असाल, तर पहिल्या 500 किमीच्या आत एकदा थांबून झोल मोजाच. सुरुवातीला ती लवकर सैल पडते.