प्रोस्टेटवरच्या नव्या औषधाची बातमी आली, तर मूळ संशोधन कसं शोधावं आणि कसं वाचावं

घरात कुणाचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतल्या प्रथिनाची रक्तचाचणी) वाढलेला निघाला की 'प्रोस्टेट कॅन्सरवर नवं औषध, गाठ विरघळली' अशी बातमी एकाच दिवसात चार नातेवाइकांकडून येते. मामांच्या वेळी मी अशा सात बातम्या जपून ठेवल्या होत्या. मुळापर्यंत गेल्यावर त्यातल्या सहा उंदरांवरच्या निघाल्या. मला हे कळायला दोन आठवडे लागले, कारण मी एकेक बातमी सुटी वाचत बसलो. काम खरं एका संध्याकाळचं आहे. बातमीतल्या शास्त्रज्ञाचे सगळे शोधनिबंध वर्षांच्या क्रमाने लावायचे आणि प्रत्येक वेळी औषध कुणाला दिलं, मोजलं काय, एवढंच बघायचं.

एका खऱ्या यादीवर करून बघू. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले मूत्ररोगतज्ज्ञ यूजीन क्वॉन आणि इपिलिमुमॅब हे औषध. ही यादी मुद्दाम निवडली, कारण उंदरांवरच्या पहिल्या प्रयोगांच्या निबंधावर पहिलं नाव क्वॉन यांचं आहे आणि सतरा वर्षांनी आलेल्या माणसांवरच्या मोठ्या चाचणीवरही त्यांचंच.

पहिली पायरी : यादी काढा

पबमेड ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची सूची आहे. ती फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. शोधचौकटीत रोमन लिपीत आधी आडनाव आणि मग नावांची आद्याक्षरं टाका. आपल्या उदाहरणात क्वॉन, मग ई आणि डी. शेवटी चौकटी कंसात ए आणि यू ही दोन अक्षरं टाकली की शोध फक्त लेखकांच्या नावांपुरता राहतो.

इथे पहिली ठेच लागते. आपल्याकडे 'पाटील एस' म्हटलं तर कोण, असा जो प्रश्न पडतो तोच कोरियात क्वॉन या आडनावाचा. शिवाय २००२ च्या आधीच्या नोंदींत पबमेड लेखकाचं पूर्ण नाव दाखवत नाही, नुसती आद्याक्षरं दाखवतं. म्हणून नावाला विषय जोडा : प्रोस्टेट, किंवा सीटीएलए-४ (हे औषध ज्याला चिकटतं ते, दुसऱ्या पायरीत येईल). तरी शंका राहिलीच तर लेखकाच्या नावाखाली संस्थेचा पत्ता उघडून बघा. अलीकडच्या लेखकांचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक असतो, तो असेल तर प्रश्नच मिटला.

आता यादी तारखेनुसार लावा आणि खालून, म्हणजे सर्वांत जुन्या निबंधापासून वाचायला लागा. हे उलटं वाटेल, पण बातमी नेहमी यादीच्या वरच्या टोकाची असते आणि तिचा पाया खाली असतो.

दुसरी पायरी : औषध कशाला चिकटतं ते एका ओळीत लिहा

प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, हे एकाच ठरावीक कुलपाला बसणाऱ्या किल्लीसारखं प्रथिन. १९७५ मध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी अशी एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. आजच्या या सगळ्या औषधांची सुरुवात तिथून आहे. औषधाच्या नावाला शेवटी 'मॅब' असेल तर ते असं प्रतिपिंड. 'उमॅब' असेल आणि त्याच्या आधी 'झ' नसेल तर ते मानवी प्रतिपिंड. २०१७ नंतर नाव ठेवण्याचे नियम बदलले, त्यामुळे नव्या औषधांना ही खूण लावू नका.

इपिलिमुमॅब कॅन्सरच्या पेशीला चिकटतच नाही. ते आपल्याच टी-पेशींवरच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवरच्या) सीटीएलए-४ या ब्रेकला चिकटतं. ब्रेक सुटतो आणि टी-पेशी अंगावर धावून जातात. ही कल्पना जेम्स ॲलिसन यांची, २०१८ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. ही एक ओळ वहीत लिहिलेली असली की दुष्परिणामांचा तक्ता वाचताना गोंधळ होत नाही. ब्रेक सुटलेल्या पेशी कॅन्सर सोडून आतड्यांवरही धावून जाऊ शकतात.

तिसरी पायरी : उंदीर कुठे लपलाय ते शोधा

क्वॉन यांचा १९९७ चा निबंध आणि १९९९ चा निबंध, दोन्ही 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस' या अमेरिकी नियतकालिकातले. दोन्हींची शीर्षकं वाचा. प्रोस्टेट कॅन्सर आहे, उपचारपद्धती आहे, १९९९ च्या शीर्षकात तर शस्त्रक्रियाही आहे. उंदीर हा शब्द मात्र दोन्हींत नाही. तो भेटतो गोषवाऱ्यात. म्हणून शीर्षकावरून कधीच काही ठरवू नका. माझ्या सहा बातम्या इथेच फसल्या होत्या.

१९९९ च्या गोषवाऱ्यातला आकडा बघा. शस्त्रक्रियेनंतर लगेच सीटीएलए-४ रोखणारं प्रतिपिंड दिलं, तर रोग पसरून परतण्याचं प्रमाण ९७.४ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं. असा आकडा बघून कुणीही हुरळेल. पण हे उंदीर कसले होते?

उंदराला आपणहून प्रोस्टेटचा कॅन्सर होतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याची प्रोस्टेटही वेगळी, सुट्या खंडांची. माणसाची ग्रंथी सलग असते आणि तिचे भाग पाडले जातात. बहुतेक कॅन्सर बाहेरच्या भागात होतो आणि म्हातारपणी लघवी अडवणारी साधी वाढ मूत्रमार्गाभोवतीच्या भागात होते. म्हणून १९९५ मध्ये नॉर्मन ग्रीनबर्ग यांच्या गटाने विषाणूचा जनुक बसवून 'ट्रॅम्प' नावाचा उंदीर घडवला. त्याच्या प्रोस्टेटमध्ये हटकून कॅन्सर होतो. क्वॉन यांनी अशा उंदरांच्या गाठींपासून वाढवलेल्या पेशी दुसऱ्या निरोगी उंदरांना टोचल्या. गाठ काही आठवड्यांची, उंदीर ठणठणीत. मामांच्या वयाच्या माणसात तीच गाठ कित्येक वर्षं मुरलेली असू शकते. आणखी एक गोष्ट : उंदराला दिलेलं प्रतिपिंड उंदराच्या सीटीएलए-४ साठीचं होतं, इपिलिमुमॅब नव्हतं.

प्रयोग फालतू होता असं मी म्हणत नाही. अशा प्रयोगांशिवाय औषध पुढे सरकलंच नसतं. पण यादीत त्याच्यापुढे पेन्सिलीने 'उ' लिहून ठेवा.

चौथी पायरी : प्रसिद्धिपत्रक वेगळं काढा

जून २००९ मध्ये मेयो क्लिनिकने जाहीर केलं की शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्या दोन रुग्णांची गाठ हार्मोन उपचार आणि इपिलिमुमॅबनंतर इतकी आकसली, की पुढे शस्त्रक्रिया करता आली. रुग्ण दोन. उपचारही दोन, एकत्र दिलेले. हार्मोन तोडले की प्रोस्टेटचा कॅन्सर आकसतो हे तर चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखवलं होतं. मग श्रेय कुणाचं? हे ठरवायला तुलनेचा गट लागतो आणि प्रसिद्धिपत्रकात तो नसतो. अशी बातमी यादीत धरायचीच नाही, समासात टिपून ठेवायची.

पाचवी पायरी : माणसांवरची चाचणी सावकाश वाचा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. २०१४ चा 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मधला निबंध. ७९९ रुग्ण. सगळ्यांचा आजार हाडांत पोचलेला, सगळ्यांची डोसेटॅक्सेलची केमो होऊन गेलेली. हाडातल्या गाठीवर आधी प्रारणोपचार, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी : ३९९ जणांना इपिलिमुमॅब, ४०० जणांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली सलाइन.

आता वहीत चार ओळी लिहा.

मोजलं काय? जगण्याचा काळ. हे चांगलं. पुष्कळ चाचण्या नुसती गाठ किंवा पीएसए मोजतात.

निघालं काय? मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले तो काळ) ११.२ महिने, प्लासिबोत १०.० महिने. मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर ०.८५. ते १ असतं तर दोन्ही गट सारखे, १ च्या खाली म्हणजे औषधाकडे झुकतं माप.

योगायोग किती? पी-मूल्य ०.०५३, ठरलेली रेघ ०.०५. रेघेपलीकडे राहिलं, म्हणजे चाचणी मुख्य कसोटीत नापास. नापास म्हणजे औषध निरुपयोगी ठरलं असं नव्हे, उपयोग सिद्ध झाला नाही एवढंच. बातम्यांत हा फरक नेमका गळतो.

किंमत काय पडली? प्रतिकारशक्तीमुळे झालेले गंभीर त्रास २६ टक्के रुग्णांना, प्लासिबोत ३ टक्के. औषधामुळे चार मृत्यू. दुसऱ्या पायरीतली ब्रेकची ओळ आठवा.

गोषवाऱ्यात आणखी एक वाक्य आहे, ते मी पहिल्यांदा वाचताना सरळ ओलांडून गेलो होतो. धोक्याचं गुणोत्तर पहिल्या पाच महिन्यांत १.४६, पाच ते बारा महिन्यांत ०.६५ आणि त्यानंतर ०.६०. म्हणजे सुरुवातीला औषधाच्या गटात मृत्यू जास्त, आणि पुढे उलटं. आलेखात दोन रेषा एकमेकींना ओलांडतात. असं दिसलं की एका सरासरी आकड्यावर विसंबायचं नाही आणि यादीत आणखी वर सरकायचं.

सहावी पायरी : पुढे काय झालं ते बघा

निबंधाच्या पानावर खाली, त्याचा दाखला देणारे पुढचे निबंध असतात. आता लेखकाऐवजी औषधाच्या नावानेही एकदा शोधा, कारण पहिलं नाव दर वेळी तेच नसतं. दोन निबंध सापडतील. २०१७ चा, पहिलं नाव टॉमस बियर : केमो न झालेले ६०२ रुग्ण, औषधाकडे मध्यक २८.७ महिने, प्लासिबोकडे २९.७. फायदा नाही. २०२० चा, पहिलं नाव करीम फिझाझी : २०१४ च्याच रुग्णांचा शेवटचा हिशेब. पाच वर्षांनी औषधाच्या गटातले ७.९ टक्के हयात, प्लासिबोच्या गटातले २.७ टक्के. थोड्यांना खरंच दीर्घ फायदा झाला असावा असं यातून वाटतं, पण ते थोडे कोण हे आधी ओळखता आलं तर उपयोग.

जाता जाता दोन तपासण्या. निबंध मागे घेतला असेल तर पबमेड पानावर वरच ठळक सूचना दाखवतं, ती बघा. आणि पैसा कुणाचा तेही बघा. २०१४ च्या चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विबचा होता. यात लपवाछपवी काही नाही, निबंधातच लिहिलेलं असतं. चाचणी भारतात चालू आहे का हे हवं असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत औषधाचं नाव टाका.

शेवटची पायरी : पहिला तक्ता आणि फाइल

निबंधातला पहिला तक्ता रुग्ण कोण होते ते सांगतो : वय, आजार कुठे पसरलाय, आधीचे उपचार, पीएसए. तो कागदावर उतरवा आणि शेजारच्या रकान्यात आपल्या माणसाच्या फाइलमधून तेच लिहा. मामांच्या रकान्यात 'हाडांत पसरला' पुढे नाही, 'केमो' पुढे नाही. २०१४ च्या चाचणीत त्यांना घेतलंच नसतं. डॉक्टरांकडे मी तो एकच कागद नेला. त्यांनी तो उलटा ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ग्रंथीचं चित्र काढून मामांची गाठ नेमकी कुठे आहे ते दाखवलं.