क्लासिक जीन्स जुनाट दिसते? या चुका टाळा

दुकानात आठवड्यातून दोन-तीन जण तरी हेच विचारतात, "भाऊ, सरळ बॉटमची जीन्स आता चालते का? का म्हाताऱ्यासारखी दिसते?" चालते. बावीस वर्षं झाली, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मशीनवर बसून पँटी शिवतो, अल्टर करतो. सरळ कटची जीन्स जुनी होत नाही, हे माझं पक्कं मत आहे. जुनाट दिसतात त्या बुटावर साचलेल्या चुण्या आणि पोटाखाली घसरलेली कंबर. चूक कटात नसते, मापात असते. अन् लोक माप सोडून भलत्याच जागी कात्री लावायला सांगतात.

ती भलती जागा म्हणजे बॉटम, पायाच्या खालच्या तोंडाचा घेर. माझा सगळ्यात जास्त जीव या एका चुकीनं जाळला आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी एक पोट्टा वडिलांची जीन्स घेऊन आला. वडिलांनी नव्वदच्या दशकात नागपूरला सीताबर्डीवर घेतलेली. गडद निळी, जाड सुती, मांडीवर तेवढी फिकी पडलेली, खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिबिटी. बॉटम गोल 17 इंच. दोन दिवसांवर भावाचं साक्षगंध होतं. "भाऊ, याचं बारा करून द्या." मी म्हटलं, "बाप्पा, बॉटम राहू दे, कंबर अन् लांबी करून देतो, मग पाहा कशी मस्त दिसते." ऐकेना. घाई त्याला होती आणि लग्नसराईची घाई मलाही होती. जीन्सची आतली शिलाई कापड एकात एक दुमडून डबल टाक्यानं मारलेली असते, ती उसवायला वेळ जातो. म्हणून मी फक्त बाहेरच्या बाजूनं टीप मारली, उरलेलं कापड कापलं आणि ओव्हरलॉक करून दिलं.

घालून उभा राहिला तर आतली नारंगी शिलाई फिरून नडगीवर आलेली. मांडीला घोळ तसाच, गुडघ्याखाली एकदम नळी. त्याला ते तेव्हा आवडलं, घालून गेला. मागच्या वर्षी परत आला, आता मोकळं बॉटम पाहिजे म्हणून. या वेळी वडील सोबत होते. त्यांनी पँट उलटी केली, शिलाईच्या कडेवरून अंगठा फिरवला, आत सोडायला सुतभरही कापड नाही हे पाहिलं आणि काही न बोलता घडी घातली. त्यांच्यापुढे मला मान वर करता आली नाही.

तेव्हापासून सरळ कटच्या जीन्सला 15 च्या खाली मी बॉटम करून देत नाही. कोणी फारच हट्ट धरला तर दोन्ही शिलाया उसवून दोन्हीकडून सारखं घेतो, आणि आतलं कापड कापत नाही. पैसे जास्त लागतात, दिवसही दोन लागतात. "इथंच उभा राहतो, दहा मिनिटात मारून द्या" म्हणणाऱ्यानं दुसरीकडे जावं. नळीच पाहिजे तर नळीसारखीच शिवलेली घ्या, बाजारात भरपूर आहेत.

या कटात जागा उगाच ठेवलेली नाही. अमेरिकेत रीनो गावचा जेकब डेव्हिस आपल्यासारखा शिंपीच होता. मजुरांचे खिसे फाटायचे म्हणून त्यानं कोपऱ्यांवर रिबिटी ठोकल्या, आणि लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्यासोबत 20 मे 1873 ला त्याचं पेटंट मिळवलं. वाकायची, उकिडवं बसायची ही पँट. कंबरही वर बसायची. पट्ट्याचे लूप तर 1922 मध्ये आले, त्याआधी ती खांद्यावरच्या पट्ट्यांना अडकवत.

दुसरी चूक इथूनच निघते. क्लासिक कटचं पुढचं आसन, म्हणजे जांघेपासून कमरेपर्यंतची उंची, साधारण 11 इंच असतं, म्हणजे कंबर बेंबीच्या जरा खाली बसली पाहिजे. आपले लोक ती पोटाखाली, कुल्ल्यावर घालतात. मग आसन लोंबतं, मागची सीट रिकामी दिसते, पाय आखूड दिसतात, आणि दोष मात्र कटाला. पोट सुटलेल्या माणसानं तर कंबर एक इंच मोठी घ्यावी आणि वर घालावी. मी कंबर मागच्या मधल्या शिलाईतून आत घेतो. बाजूनं घेतली की खिसे मागे ओढले जातात.

तिसरी चूक लांबीची. नवी जीन्स आणली, त्याच संध्याकाळी कापून घेतली, पहिल्या धुण्यात टाच उघडी पडली. सुती डेनिम धुतल्यावर आटतो. शंभरात तीन जरी आटला तरी 40 लांबीला सव्वा इंच गेला. घरी दोनदा धुवा, वाळवा, मग आणा. आणि चप्पल घालून येऊ नका, जे बूट घालणार ते पायात पाहिजेत. मी माप उभं करून घेतो, समोर एकच हलकी चुणी पडेल एवढं. दुमड अर्धा इंच, 16 नंबरची सुई, जाड नारंगी दोरा. जीन्सला फॉर्मल पँटसारखी तुरपाई करून मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. पुढे इस्त्रीची धार पाडू नका. फॉर्मलचा चकचकीत पट्टा आणि टोकदार बूट याच्यावर चालत नाहीत. मांडीवर कंपनीनंच पांढरे पट्टे घासून दिलेली घेऊ नका, जीन्स दोन वर्षांत जुनाट दिसते ती त्या पट्ट्यांनी. साधी गडद निळी घ्या, ती अंगावरच फिकी होऊ द्या.

कापड हातात धरून ओढून पाहा. रबरासारखं ताणलं तर त्यात लायक्रा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो. अशा उन्हात टिनावर वाळवली, वरून कडक इस्त्री फिरवली की लायक्रा मरतो आणि गुडघ्याला कायमचे फुगे येतात. पूर्ण सुतीलाही गुडघा येतो, पण धुतला की बसतो. यवतमाळला लोहारा एमआयडीसीत डेनिम विणला जातो, भोवताली सगळा पऱ्हाटीचा मुलूख, आणि आपण सुती सोडून ताणणारी मागतो, हे मला खरंच पटत नाही. पावसाळ्यात जाड सुती दोन दिवस वाळत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. तेव्हा ती उलटी करून, कंबर वर धरून, पंख्याखाली टांगा. खिशाचं अस्तर आधी वाळलं पाहिजे, वास तिथूनच येतो.