‘या वनस्पतीने लिव्हर वाचतं’ असं वाचलं की आधी काय बघायचं

हळदीतलं करक्युमिन, मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतलं सिलीमरिन, कुटकीतलं पिक्रोसाइड, भुईआवळ्यातलं फिलँथिन... पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसने लिव्हरची वाट लागते ती यांच्यामुळे थांबते असं अधूनमधून वाचायला मिळतं. खोटं नसतं ते, पण अर्धंच असतं. उरलेलं अर्धं कसं शोधायचं ते सांगतो.

त्याआधी एक. कुणी खरंच जास्त गोळ्या घेतल्या असतील तर हे वाचत बसू नका, काढे पाजू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्या. पहिले 24 तास माणूस ठणठणीत दिसू शकतो, फार तर मळमळतं, आणि इथेच घरचे फसतात. गोळ्या किती वाजता घेतल्या ते डॉक्टरांना नक्की सांगा, कारण रक्तातली पॅरासिटामॉलची लेव्हल गोळ्या घेतल्यावर 4 तासांनंतरच नीट कळते आणि एनएसी (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, या विषबाधेवरचा उतारा) हे औषध 8 तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर जवळजवळ नेहमीच वाचतं. उशीर झाला असेल तरी जा, तेव्हाही देतात. मुद्दाम घेतल्या असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि रागावणं तर अजिबात नको.

आता आत काय होतं ते बघू. पॅरासिटामॉलचा मोठा भाग लिव्हर गुपचूप निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर काढतं, थोडासा भाग मात्र सीवायपी2ई1 या एन्झाइममुळे एनएपीक्यूआय नावाचं विष बनतो. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन ते विष तिथल्या तिथे पकडतं, पण गोळ्या जास्त झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मोकाट सुटलेलं विष पेशींच्या मायटोकाँड्रियाला (पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या भागांना) जाऊन चिकटतं. एनएसी तो साठा परत भरायला मदत करतं.

मग संशोधन वाचताना शेवटचा निष्कर्ष सोडा, पद्धतीचा भाग उघडा आणि एकच गोष्ट शोधा: वनस्पती आधी दिली की नंतर? बऱ्याच ठिकाणी असं दिसेल की उंदराला आठवडाभर रोज अर्क पाजला आणि मग पॅरासिटामॉल टोचलं, साधारण किलोमागे 300 मिलिग्रॅम. अहो, माणूस ओव्हरडोसच्या आधी आठवडाभर तयारी करून बसतो का? शिवाय अर्क आधी दिला की तो सीवायपी2ई1लाच अडवू शकतो, म्हणजे विष तयारच झालं नाही, झालेली इजा भरून काढली असं नाही. पॅरासिटामॉल दिल्यावर दोन-चार तासांनी वनस्पती देऊनही फायदा दिसला असेल तर पुढे वाचा.

दुसरं म्हणजे अर्क कशात विरघळवलाय. हे मला स्वतःला फार उशिरा कळलं! डीएमएसओ नावाचं सॉल्व्हंट लॅबमध्ये सर्रास वापरतात आणि ते एकटंच सीवायपी2ई1 अडवतं, त्यामुळे कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, वनस्पती न दिलेल्या उंदरांना तेवढंच डीएमएसओ दिलं नसेल तर श्रेय वनस्पतीला द्यायचं की बाटलीतल्या द्रवाला?

सिलीमरिनबद्दल थोडं वेगळं. त्यातलं सिलिबिनिन विषारी अमॅनिटा मशरूम खाल्लेल्यांना युरोपात शिरेतून देतात, पण ते इंजेक्शन आणि ते विषही वेगळं, त्यावरून पॅरासिटामॉलसाठी कॅप्सूल घ्यायची हे जुळत नाही.

‘नैसर्गिक आहे, घेऊन ठेवू’ म्हणणाऱ्यांसाठी: करक्युमिन नुसतं नीट शोषलं जात नाही म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पिपरीन घालतात, आणि अशा हळदीच्या आणि ग्रीन टी अर्काच्या सप्लिमेंटनी लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

खरा बचाव हिशोबात आहे. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा सगळं धरून 4000 मिलिग्रॅम, आणि वजन कमी, दारू जास्त किंवा लिव्हर आधीच नाजूक असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टरांना विचारा. तापाची 650ची गोळी चार वेळा घेतली, झाले 2600. सर्दीच्या गोळीतही 500 असतं, ती तीन वेळा, म्हणजे आणखी 1500. बेरीज 4100, आणि माणूस म्हणतो मी तर दोन वेगळी औषधं घेतली. पाकीट उलटं करा, बारीक अक्षरात पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅसिटामिनोफेन लिहिलेलं असतं, दोन्ही एकच.