इंटर्नशिपचं पत्र आधी, केबल नंतर

माध्यमांत किंवा संगीतात शिरायचं तर इंटर्नशिप करावी का, असं विचारणाऱ्यांना मी सरळ 'करा' म्हणते. या धंद्यातल्या जागा पेपरात जाहिरात देऊन फारशा भरत नाहीत. स्टुडिओत माणूस कमी पडला की मालक आत बसलेल्यांनाच विचारतो, "कुणी पोरगं आहे का ओळखीत? रात्रीचं थांबणारं?" त्या वेळी तुमचं नाव कुणाच्या तरी तोंडात यायला हवं. मुंबईत ज्याचा मामा आहे त्याचं तसंही येतं. विश्रामबाग, कुपवाड, तासगाव, जत अशा आपल्या सांगलीकडच्या मुलांचं यावं म्हणून इंटर्नशिप.

बायोडाटा कसा करायचा, मेल कसा लिहायचा हे मी सांगत बसणार नाही. तेवढं तुम्हाला येतं.

लगेच पुण्याला पळू नका, एवढं मात्र सांगते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाची भाषणंही आपण ऐकतो. पण भावे नाट्यमंदिरात आलेल्या नाटकाच्या साउंडवाल्याजवळ जाऊन "दादा, केबल टाकायला मदत करू का?" असं विचारणारं पोरगं मी क्वचितच बघितलं. विचारलं तर तो नाही म्हणत नाही, त्याला हात हवेच असतात. आकाशवाणीच्या सांगली केंद्रात नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाज चाचण्या निघतात, त्यावर लक्ष ठेवा. साताऱ्याकडच्यांना म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा लहान ठिकाणी एकच माणूस मुलाखत घेतो, कापतो आणि प्रसारितही करतो, म्हणजे सगळं एका खोलीत बघायला मिळतं. पेपरांच्या जिल्हा आवृत्त्या आहेत. मिरजेत अंबाबाईचा नवरात्र संगीत महोत्सव असतो, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, औंधचा संगीत महोत्सव तर १९४० पासून चालू आहे. या ठिकाणी कुणी तुम्हाला 'इंटर्न' म्हणणार नाही. म्हणू नये, कामाशी मतलब.

मला याचा फायदा कुठे झाला ते सांगते. कॉलेजात असताना मी मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात उगाच जाऊन बसायची. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं की आपल्याकडे असं काही आहे. तिथे जवारी लावताना, म्हणजे तारेचा आवाज खुलवताना बघितलेली. तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा पृष्ठभाग कानसीनं जरा जरा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो, तो केसभर मागेपुढे केला की बंद वाटणारी तार एकदम उघडते. पुढे पुण्याच्या एका स्टुडिओत एक गायिका तानपुरा घेऊन रेकॉर्डिंगला बसल्या आणि दर टेकला "षड्ज बोलत नाहीये" म्हणून थांबायला लागल्या. इंजिनिअरनं माईक हलवून बघितला, इक्वलायझर फिरवून बघितला. मी कोपऱ्यात उभी होते. विचारून आत गेले, सूत सरकवलं, आणि तानपुरा बोलायला लागला. त्या दिवसानंतर मला चहाला पाठवणं कमी झालं. पुण्या-मुंबईच्या मुलांना सॉफ्टवेअर आपल्यापेक्षा चांगलं येतं. पण आपल्याकडचंही काही असतं आणि ते तिथे सहज मिळत नाही, हे डोक्यात ठेवा.

तरीही सुरुवात केबलपासूनच होते. कोपराला गुंडाळी मारून केबल गोळा कराल तर पहिल्याच दिवशी शिव्या खाल, आणि त्या बरोबर असतील. तशी गुंडाळली की आतल्या तारेला पीळ बसत जातो आणि काही महिन्यांनी केबल खरखरायला लागते. एक वेढा सुलटा, एक उलटा, अशी गुंडाळायची असते. फेकली की एका दमात सरळ पडली पाहिजे. हे कुठल्याही कोर्सात नीट शिकवत नाहीत. माध्यमांकडे गेलात तर केबलच्या जागी मुलाखतींचं लॉगिंग असेल. दोन तासांचं फुटेज ऐकायचं आणि कुठल्या टाइमकोडला कोण काय बोललं ते लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण चांगला प्रश्न कसा विचारतात आणि वाईट प्रश्नानं माणूस कसा गप्प होतो ते त्यातूनच कळतं. करा, कुरकुरू नका.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

मी होते त्या स्टुडिओकडे एका मसाल्याच्या रेडिओ जाहिरातीचं काम आलं होतं. मला कुणी चाल करायला सांगितली नव्हती. रात्री कॉट बेसिसच्या खोलीवर परत आल्यावर मी पेटीवर एक मुखडा बांधला, फोनवर रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी सरांना ऐकवला. ते "बघू" म्हणाले आणि विषय संपला. पुढे इंटर्नशिप संपल्यावर घरी येताना कराड स्टँडवर कँटीनच्या रेडिओवर तोच मुखडा ऐकू आला. फक्त माझा कोमल निषाद काढून शुद्ध केला होता. फोन केला तर उत्तर मिळालं, "तू इंटर्न होतीस ना? इथलं काम स्टुडिओचं." आणि माझ्या हातात होतं एक सर्टिफिकेट, ज्यावर 'इंटर्नशिप यशस्वीपणे पूर्ण केली' एवढंच छापलेलं. काय केलं, कशावर काम केलं, काहीही नाही.

मग एका वकीलताईंकडे बसून हे सगळं समजून घेतलं. तुम्हीही घ्या, कारण हा विषय कुणीच शिकवत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ म्हणतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पण नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कराराखाली, त्या कामाच्या ओघात काही तयार केलं, तर वेगळं काही ठरलं नसल्यास पहिला मालक म्हणजे काम देणारा. शिकाऊ उमेदवारी तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे 'मला पगारच नव्हता, मग ते माझंच' असं गृहीत धरून चालत नाही. उलट, मी रात्री खोलीवर, माझ्या पेटीवर, कुणी न सांगता केलेली चाल 'कामाच्या ओघात' येते का? तुमची इंटर्नशिप मुळात 'करार' आहे का? कागद नसेल तर दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं बोलता येतं, आणि व्यवहारात ज्याच्याकडे स्टुडिओ आहे त्याचं खरं होतं. मानधन मागितलं की आपण विद्यार्थी, चाल हवी असली की आपण नोकर.

दुसरं कलम १९. कृती तुमची असेल तर तिचे हक्क दुसऱ्याला देणं लेखीच लागतं, सहीसकट. तोंडी 'दे रे' आणि 'घ्या' याला अर्थ नाही. लेखी दिलं पण मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून समोर कागद आला की 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे शब्द शोधा. ते असतील तर सही करण्याआधी घरी न्या. तिसरं कलम ५७. हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. मात्र ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याच्या लेखी त्याचा निर्माता असतो, रेकॉर्डिंग करणारा नाही. त्यामुळे मिक्सिंगच्या बाबतीत नाव मिळेल की नाही ते आधी ठरवण्यावरच आहे. पेपरात काम करणाऱ्यांसाठी नियम जरा वेगळा आहे. तिथल्या नोकरीत पेपरासाठी लिहिलेल्या मजकुराचा छापण्यापुरता हक्क पेपराच्या मालकाचा आणि बाकीचा लेखकाचा, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

म्हणून रुजू व्हायच्या आधी एक पानाचं पत्र मागा. कधीपासून कधीपर्यंत, मानधन किती किंवा शून्य, कुठल्या प्रकारचं काम, बाहेर स्वतः केलेल्या चाली आणि लेखन कुणाचं, नाव कुठे येणार, आणि कामाचा कुठला तुकडा तुम्ही पुढे नमुना म्हणून दाखवू शकता. यातलं शेवटचं सगळे विसरतात. मोठ्या प्रकल्पावर काम केलं पण दाखवायला काही नाही, अशी ढीगभर मुलं अंधेरीत फिरतायत. मग दर शनिवारी वरिष्ठांना चार ओळींचा मेल टाका की या आठवड्यात मी हे, हे आणि हे केलं. त्यांनी उत्तर नाही दिलं तरी चालेल, तारीख पडली. आणि स्वतःची चाल कुणाला ऐकवायची असेल तर ऐकवायच्या आधी फाइल मेल करा: 'आज दुपारी ऐकवणार आहे ती चाल सोबत जोडली आहे.' आगाऊपणा वाटला तर वाटू दे.

हे वाचून सगळे स्टुडिओ चोर आहेत असं धरू नका. पुढच्या ठिकाणी मी पत्र मागितलं तेव्हा तिथले सर म्हणाले, "अगं, आजवर कुणी मागितलंच नाही. तू टाइप करून आण, मी सही करतो." बहुतेक ठिकाणी असंच आहे, बेफिकिरी जास्त आणि लबाडी कमी. पण जिथे पत्राचं नाव काढल्यावर "विश्वास नाही का आमच्यावर?" असं येतं, तिथून निघा. खरंच निघा, नाव कितीही मोठं असलं तरी.

आणि स्वतःचे पैसे भरून इंटर्नशिप करायची नाही. 'पंधरा हजार भरा, एका महिन्यात म्युझिक प्रोड्युसर व्हा' यातून कोण काय झालं ते मला अजून दिसायचंय. एम.ए.ला असाल तर नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षी ४ क्रेडिटची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आहे, म्हणजे साधारण १२० तास. बरीच मुलं ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून ती उरकतात. तेच तास एखाद्या रेडिओ केंद्रात घालवा, कॉलेजचं पत्र असल्यामुळे दार पटकन उघडतं. पदवी झाली असेल तर २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं होतं. अर्ज सध्या घेतायत का ते महास्वयम पोर्टलवर बघा.

गुरूंबद्दल माझं मत जरा तिखट आहे. नावाजलेल्या माणसाच्या पायाशी बसायला सगळे धावतात, पण तो दिवसातून वीस मिनिटं भेटतो आणि त्यातली पंधरा फोनवर असतो. शिकवतो तो त्याचा सहायक. तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी पुढे असलेला, रात्री अडीचला स्टेम्स (गाण्याच्या सुट्या सुट्या ऑडिओ फाइली) काढत बसलेला, अजून स्वतःच्या चुका आठवणारा. त्याला धरा. त्याच्यासाठी डबा आणा, हवं तर. उद्या तोच दुसऱ्या स्टुडिओत जातो आणि तिथून तुम्हाला फोन करतो. मला पहिली पगारी नोकरी अशीच लागली, आणि त्यानं माझं सर्टिफिकेट कधी बघितलंसुद्धा नाही. शनिवारचे मेल मात्र त्याला माहीत होते, कारण कॉपी त्यालाही जायची.

बोलीची लाज घेऊन जाऊ नका. पुण्यात सुरुवातीला तुमचे 'काय लावलंयस' आणि 'येत्यालं' ऐकून हसतील. निवेदनासाठी प्रमाण उच्चार लागतात, ते सरावानं येतात, रोज पंधरा मिनिटं पेपर मोठ्यानं वाचा. पण डबिंगला आणि मालिकांना आपल्याकडचा अस्सल आवाज लागतो तेव्हा हसणारेच विचारत येतात, "हे वाक्य तुमच्याकडे कसं म्हणतील?"

राहिलं वेळेचं. मराठी संगीतात सगळ्यात जास्त गर्दी गणपतीच्या आधी असते. जून-जुलैपासून गाणी रेकॉर्ड व्हायला लागतात, स्टुडिओ रात्रभर चालतात आणि तेव्हा नवख्याच्या हातातही खरं काम पडतं. दिवाळीनंतर गेलात तर बराच वेळ सोफ्यावर बसून जाईल. त्यामुळे मेल एप्रिल-मेमध्येच टाका, उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी पुन्हा टाका, आणि मुंबईला बोलावलं तर महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट त्याच दिवशी काढा, नंतर वेटिंगच मिळतं.