पेटीत ३३ नव्हती

दिवाळीच्या तोंडावर हातात चार पैसे आले की गॅरेजमधलं पोरगं एक तर मोबाईल घेतं, नाही तर पाऊण इंची गोटी सेट, म्हणजे नट-बोल्ट खोलायच्या सॉकेटांची पेटी. मी सेट घेतला. लोखंडी पेटीतला, २१ नगांचा, साडेपाच हजारांचा. पंधरा-सोळा किलोची ती पेटी एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरनं लगेजचं तिकीट काढ म्हटलं तर त्याच्याशी भांडलो. आठ दिवसांनी त्याच पेटीसमोर उकिडवा बसून रडकुंडीला आलो. दर वर्षी ऊस सीझनच्या आधी कुणी ना कुणी पोरगं अगदी तशीच पेटी आणून माझ्यासमोर उघडतं आणि विचारतं, ‘दादा, कसाय सेट?’ त्याच्या तोंडाकडं बघून खरं सांगवत नाही, म्हणून इथं लिहितोय.

अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची म्हणजे गोटीच्या मागच्या चौकोनाचं माप, ज्यात दांडा बसतो. फक्त एक हिशेब डोक्यात ठेवा. चौकोनी दांड्याची पीळ सोसायची ताकद त्याच्या बाजूच्या घनाप्रमाणे वाढते. अर्ध्या इंचावरून पाऊण इंचावर गेलात की बाजू दीडपट होते, पण ताकद होते तिप्पटीहून जास्त. एक इंचावर गेलात तर आठपट. पोलाद तेच असलं तर, अर्थात. मला आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्षभरात हे कुणी असं फोडून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी अर्धा इंची टी-हँडलला, म्हणजे गोटी फिरवायच्या आडव्या दांड्याला, पाईप घालून ट्रकचं चाक खोलायला गेलो नसतो आणि खालच्या ओठाला तीन टाके पडले नसते. ट्रकच्या एम २२, म्हणजे २२ मिलिमीटर जाडीच्या स्टडचा चाकाचा नट साधारण ६०० न्यूटन मीटरला आवळतात. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला ६१ किलोचा माणूस लोंबकळला तर जेवढा जोर लागेल तेवढा. हा आवळायचा आकडा झाला. दोन पावसाळे खाल्लेला नट खोलायला किती लागतो ते नटालाच ठाऊक.

तर सेटची गोष्ट. संध्याकाळी एक टिपर आला. मागच्या जोडचाकातलं आतलं टायर बसलेलं, पहाटे खडीची खेप ठरलेली. वस्ताद गावच्या जत्रेला गेले होते. मी म्हटलं, मी आहे की. माझी नवी पेटी आहे की. नटावर ३२ ची, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या बाजूंत ३२ मिलिमीटर अंतर असेल त्याची गोटी लावली, जाईना. नट पार गंजलेला, चिखल वाळून दगड झालेला. मला वाटलं गंजानं नट फुगलाय. पेटीत ३२ च्या शेजारच्या खणात ३४ होती. ती लावली, गेली की आत! वर टी-हँडल, त्यावर पाईप, पाईपवर मी. नट हलल्यासारखा वाटला. हलला नव्हता, गोटी त्याच्यावरून सरकली होती. तरी मी दुसरा घेतला, मग तिसरा. तीन नट गोल केल्यावर थांबलो, ते अक्कल आली म्हणून नाही, बोटं सोलली म्हणून.

सकाळी वस्ताद आले. काही बोलले नाहीत. न गेलेला एक नट वायर ब्रशनं घासला, माप घ्यायचा व्हर्नियर लावला आणि माझ्यापुढं धरला. ३३.

‘वस्ताद, पण ३४ बसत होती.’

‘आरं, आत गेली म्हंजे बसली न्हवं. हलवून बघितलीस का?’

आता हा ३३ चा घोळ नीट समजून घ्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा विसरू नका. गोटी सेट बनवणारे मापं ठरवतात ती बोल्टच्या तक्त्यावरून. एम १६ ला २४, एम १८ ला २७, एम २० ला ३०, एम २४ ला ३६. एम २२ चं माप जुन्या जर्मन तक्त्यात ३२ आहे आणि आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय तक्त्यात ३४. म्हणून पेटीत ३२ असते, कधीकधी ३४ ही असते. ३३ त्या तक्त्यातच नाही. ती आहे चाकाच्या नटाच्या मापात, तिचं घरच वेगळं. फिरत्या वॉशरचे जे चाकाचे नट आज रस्त्यावर दिसतात ते गाडीप्रमाणे ३२ चे असतात किंवा ३३ चे. व्होल्वोला ३३. म्हणजे अवजड गाडीवर रोज जी गोटी लागणार तीच २१ नगांच्या पेटीत नसण्याची शक्यता जास्त. आणि जिच्यासाठी पैसे मोजलेत ती ५० ची गोटी मात्र मखमलीत ऐटीत बसलेली असते.

एका मिलिमीटरनं काय होतं, असं मलाही वाटायचं. नट गोटीला टेकतो तो सपाट बाजूनं टेकला पाहिजे. माप सैल झालं की तो फक्त कोपऱ्याच्या धारेवर टेकतो आणि सगळा जोर त्या केसाएवढ्या रेघेवर येतो. त्यात माझी गोटी बाराकोनी. बाराकोनी गोटी अडचणीच्या जागी झटकन बसते, पण कोपऱ्याला तिची पकड उथळ. सैल आणि वर बाराकोनी म्हणजे नट सोलायचं यंत्रच. चाकाला, पाटे धरणाऱ्या यू-बोल्टला, जिथं जिथं पाईप घालावा लागतो तिथं सहाकोनीच. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका, माझ्या पगारातून तीन स्टड आणि तीन नटांचे पैसे गेलेत, वर मालकाची बुडालेली खेप आयुष्यभर ऐकायची ती वेगळीच.

उलटी चूक तर आणखी लबाड आहे. ३२ च्या नटावर ३३ लोण्यासारखी जाते. खोलतेही. पंक्चरवाल्याकडं नट खोलायच्या इम्पॅक्ट गनला एकच गोटी कायमची लावलेली असते, सगळ्या गाड्यांना तीच. चार-सहा महिने काहीच कळत नाही, कोपरे हळूहळू झिजत राहतात, आणि मग एके दिवशी घाटात, रात्री, पावसात तो नट तुमच्या वाट्याला येतो. म्हणून गोटी लावली की टी-हँडल लावायच्या आधी ती हातानं डावी-उजवी हलवायची. खुळखुळली की काढायची. शंका आली तर नट घासून व्हर्नियर लावायचा, आणि तोही समोरासमोरच्या तीन जोड्यांपैकी निदान दोन जोड्यांवर, कारण एखादी बाजू आधीच कुणीतरी छन्नीनं चेपलेली असते.

घाबरून जाऊ नका. नट प्रत्येकाकडून जातात. माझ्या वस्तादांकडूनही गेलेत, ते सांगत नाहीत एवढंच. गोल झालेल्या नटावर दुसरा नट वेल्डिंग करून खोलता येतो, आम्हीही तसेच खोलले. पण तापलेला स्टड परत वापरायचा नाही. हे स्टड १०.९ च्या ताकदीचे असतात, ती ताकद आली ती उष्णता देऊनच, आणि वेल्डिंगची आच लागली की जातेही. नवा स्टड टाका. मालक कुरकुरला तर कुरकुरू दे.

आता खरेदी. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पेटी घेऊच नका. सुट्या गोट्या घ्या. पाऊण इंचीत २४, २७, ३०, ३२, ३३ आणि ३६, सगळ्या सहाकोनी. त्यातल्या ३०, ३२, ३३ लांब गोट्या घ्या. पाट्याच्या यू-बोल्टचे आटे नटाबाहेर बोटभर आलेले असतात, आखूड गोटी आट्यावरच टेकते, नटापर्यंत जातच नाही. एक जाडजूड टी-हँडल, एक वीतभर आणि एक हातभर एक्स्टेन्शन. मागच्या चाकाच्या बशीत नट खोल असतो, हातभर एक्स्टेन्शनशिवाय तिथं पोचताच येत नाही. आणि एक्स्टेन्शनच्या बाहेरच्या टोकाखाली स्टँड किंवा लाकडी ठोकळा लावा. नाही तर तुम्ही पाईप दाबता तसं ते टोक खाली लवतं, गोटी तिरकी होते आणि अर्धी ताकद तिथंच मरते. हे ठोकळ्याचं मला चार वर्षांनी कळलं. फुकटातली गोष्ट!

जपानी पद्धतीच्या जोडचाकांना बाहेरचा नट ४१ चा आणि आत २१ चा चौकोनी असतो. तशा गाड्या तुमच्याकडं येत असतील तरच ती जोडी घ्या. त्यांच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटेही सापडतात. स्टडच्या तोंडावर एल (लेफ्टचा) कोरलेला आहे का ते बघा आणि मगच लोंबकळा.

रॅचेट, म्हणजे कटकट वाजत एकाच दिशेला नट फिरवणारा दांडा, सगळ्यात शेवटी. पोरांना रॅचेटचा आवाज आवडतो, मलाही आवडायचा. पण पाऊण इंची रॅचेटला पाईप घालून गंजका नट तोडायला गेलात की आतले दाते जातात, आणि दुरुस्तीचं किट दुकानदाराकडं कधीच नसतं. नट मोडायचा टी-हँडलनं, मग वाटलं तर रॅचेटनं फिरवा.

चकचकीत क्रोमच्या गोट्या हातकामाच्या. इम्पॅक्ट गनला काळ्या, जाड भिंतीच्या गोट्या लागतात. गनच्या ठोक्यानं क्रोमची गोटी तडकते आणि तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. इथं मात्र ‘चालतंय की’ म्हणू नका, डोळा दुसरा मिळत नाही. काळ्या गोटीला आडवी पिन आणि त्यावर रबरी रिंग असते. पिन हरवली की तार घालणारे महाभाग मी पाहिलेत. एक इंची गोटी गनवरून सुटून पायावर पडली की काय होतं ते त्यातल्या एकाला विचारा, सुट्टीवर असेल. एक इंची गन घेतली आणि गोट्या पाऊण इंचीच आहेत म्हणून मध्ये अडॅप्टर लावलात तर तुटणार तो अडॅप्टर. बरेच जण यासाठी दोनदा पैसे घालवतात. गन घ्यायच्या दिवशीच एक इंचीत निदान ३२ आणि ३३ घ्या.

दुकानात जाताना खिशात नट घेऊन जा. हसतील, हसू द्या. एक ३२ चा, एक ३३ चा, न झिजलेला, पुसून स्वच्छ. गोटी त्यावर लावून बघायची, मागच्या चौकोनात टी-हँडल घालून तिथंही खेळ बघायचा. गोटीवर सीआर-व्ही (क्रोम व्हॅनेडियम पोलाद) कोरलंय याला काही अर्थ नाही, कोरायला पोलाद चांगलं लागत नाही. भारतातली हातहत्यारं बरीचशी जालंधर-लुधियानाची. आपल्याकडं नाशिकला सातपूरला टपारियाचा कारखाना आहे. नाव ओळखीचं असेल तर नक्कलही असते, म्हणून पक्कं बिल घ्या. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर सुट्या गोट्या हव्या त्या मापात मिळतात. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नशीब असेल तर जुनी दणकट गोटी स्वस्तात मिळते. मी तिथं तासन्‌तास घालवलेत. पण जुनी गोटी उन्हात धरून आतले कोपरे बघा आणि भिंतीवर केसासारखी रेघ दिसली तर ठेवून द्या.

वस्तादांबद्दल एक बोलतो, पटलं तर घ्या. हत्यारं कुलपात ठेवून ‘बघून शिक’ म्हणणारे वस्ताद खूप आहेत आणि त्यांचं कौतुकही खूप होतं. मला ते पटत नाही. माझ्या वस्तादांनी त्या दिवशी पैसे कापले, पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाडीचे नट मलाच मोजायला लावले आणि माप खडूनं मडगार्डवर लिहायला लावलं. दोन महिन्यांत मला नुसतं बघून ३२ की ३३ हे सांगता यायला लागलं. तरी मी हलवून बघतोच. आणि चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवून परत आवळायला या असं ड्रायव्हरला सांगतो. दहातले दोन येतात.

आता माझ्या ३२ ला पिवळ्या ऑइल पेंटचा पट्टा आहे, ३३ ला लाल. ती पेटी अजून आहे. ३४ मी स्वतःच दुकानामागच्या भंगारात टाकली. ४६ आणि ५० या दोघी आजवर एकदाही नटावर चढलेल्या नाहीत. ४६ नं बुश ठोकतो आणि ५० नं सील बसवतो, त्या कामाला मात्र त्या फार चांगल्या आहेत.