क्रूझवर सोबतचा माणूस सापडत नसेल तर

क्रूझवर आपल्यासोबतचा माणूस दिसेनासा झाला की बहुतेकजण आधी स्वतःच शोधायला निघतात. तलाव, जेवणाचा हॉल, कॅसिनो, वरचा डेक, पुन्हा केबिन. जहाज मोठं, जिने आणि लिफ्ट पुष्कळ, एका फेरीत पाऊण तास सहज जातो. मग वाटतं, कुठेतरी गप्पा मारत बसला असेल, उगाच बोभाटा कशाला. या संकोचात गेलेला वेळ पुढे कशानेही भरून निघत नाही. 20 नॉट वेगाने चाललेलं जहाज दर सेकंदाला 10 मीटर पुढे जातं. माणूस पाण्यात पडला असेल, तर तासाभरात तो 20 सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर मागे राहिलेला असतो. पडला नसेल, तर तुम्ही कळवल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

स्वतःच्या शोधाला दहा-पंधरा मिनिटांची मर्यादा घाला. केबिन, बाथरूम, बाल्कनी, भेटायची ठरलेली जागा आणि फोनवर एक संदेश, एवढं पुरे. त्यानंतर कळवायचंच.

पडताना कुणी पाहिलं असेल तर

इथे ही पंधरा मिनिटंही नाहीत. पाहणाऱ्याने मोठ्याने ओरडावं, पाण्यातल्या माणसावर नजर रोखावी आणि हाताने सतत त्याच्याकडे बोट दाखवत राहावं. लाटांमध्ये माणसाचं फक्त डोकं दिसतं, आणि क्षणभर नजर वळवली तरी ते पुन्हा सापडत नाही. म्हणून फोन दुसऱ्याने करायचा. तिसऱ्याने कठड्यावरचे लाइफबॉय, म्हणजे तरंगणाऱ्या गोल कड्या, फेकायचे. पडलेल्याच्या हाताला ते लागले तर उत्तमच, नाही लागले तरी जागेची खूण राहते. गाद्या, उशा, तरंगेल ते काहीही चालेल.

फोनवर तीन गोष्टी सांगा: डेकचा क्रमांक, जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केल्यावर उजवी बाजू की डावी, आणि पडून किती वेळ झाला. ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षातले अधिकारी जागेची नोंद करतात आणि धूर व दिवा असलेला खास लाइफबॉय सोडतात. नियमाप्रमाणे त्याचा धूर किमान 15 मिनिटं आणि दिवा किमान 2 तास चालावा लागतो. मग जहाज वळवतात. विल्यमसन वळणात सुकाणू एका बाजूला पूर्ण फिरवतात, दिशा 60 अंश बदलली की विरुद्ध बाजूला पूर्ण फिरवतात, आणि जहाज आलेल्याच वाटेवर उलट तोंडाने येतं. जहाज लगेच थांबलं नाही म्हणून घाबरू नका, एवढं मोठं धूड थांबायला आणि वळायला वेळ लागतोच. कित्येक जहाजांवर या वेळी ध्वनिक्षेपकावर ‘ऑस्कर, ऑस्कर, ऑस्कर’ असं ऐकू येतं.

कुणी पाहिलं नसेल तर

बहुतेक वेळा हेच होतं. रात्री माणूस केबिनमधून गेला आणि सकाळी पलंग रिकामा. केबिनच्या फोनवर लिहिलेल्या आपत्कालीन क्रमांकावर किंवा स्वागतकक्षात जाऊन स्पष्ट सांगा: ‘माझा सहप्रवासी बेपत्ता आहे. तो पाण्यात पडला असण्याची शक्यता धरा आणि ब्रिजला आत्ता कळवा.’ नुसतं ‘सापडत नाही’ म्हटलं तर हरवलेल्या पिशवीसारखी नोंद होण्याचा धोका असतो. कळवल्याची वेळ आणि समोरच्याचं नाव व हुद्दा लिहून ठेवा. ही वेळ पुढे फार महत्त्वाची ठरते.

त्यानंतर साधारणपणे ध्वनिक्षेपकावर नाव पुकारतात आणि मग विभागवार शोध सुरू होतो: दवाखाना, स्पा, सॉना, रिकाम्या केबिन, जीवनौका, कर्मचाऱ्यांचे भाग. मोठ्या जहाजावर हजाराहून जास्त केबिन असू शकतात, त्यामुळे या शोधाला कित्येक तास लागतात. घोळ होतो तो इथेच. ‘जहाजावर नाही याची खात्री झाली की कळवू’ म्हणून तटरक्षक दलाला आणि सागरी बचाव केंद्राला खबर उशिरा जाते, आणि जहाज तोवर पुढच्या बंदराकडे चालत राहतं. आतला शोध, कॅमेऱ्यांची तपासणी आणि बचाव केंद्राला खबर ही तिन्ही कामं एकाच वेळी व्हायला हवीत. तसा आग्रह धरायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माणूस बराच मागे राहिला असेल तेव्हाही त्याच वाटेवर परतण्यासाठी शार्नो वळणासारखी वळणं असतात. ‘वेळ माहीत नाही’ हे न वळण्याचं कारण होऊ शकत नाही.

घरच्या मंडळींनाही एक काम देता येतं. मोठी जहाजं कुठे आहेत हे एआयएस या आपोआप ओळख आणि जागा कळवणाऱ्या यंत्रणेतून प्रसारित होतं आणि ती दाखवणारी संकेतस्थळं आहेत. जहाज खरंच मागे वळलं का, किती वाजता वळलं, हे घरबसल्या दिसतं. त्या नकाशाची चित्रं वेळेसह लगेच साठवून ठेवा. मात्र किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोफत सेवांमध्ये जहाज काही काळ दिसत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

शेवटचं दिसल्याची वेळ आवळत आणा

सोबत्याच्या हातात असलेलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे. समजा, माणूस रात्री 11 वाजता शेवटचा दिसला आणि सकाळी 7 वाजता लक्षात आलं. आठ तास, म्हणजे 160 सागरी मैलांची पट्टी. आता दाराच्या कुलपात 1.40 ची नोंद सापडली, फोनवरून 2.10 ला संदेश गेलेला निघाला आणि 3.15 च्या चित्रणात डेकवरची त्याची नेहमीची खुर्ची रिकामी दिसली, तर सर्वात जास्त शक्यतेची पट्टी 20-22 मैलांवर येते. विमानाने शोधायला हा जमीनअस्मानाचा फरक आहे.

पुढच्या गोष्टी तपासायला सांगा: कार्डाने केलेली शेवटची खरेदी, दाराच्या कुलपाची नोंद, वायफाय शेवटचं कधी वापरलं, कॉरिडॉर आणि लिफ्टसमोरचे कॅमेरे, जहाजाच्या दोन्ही बाजूंवर रोखलेले कॅमेरे. कुलपाच्या नोंदीबाबत एक लक्षात ठेवा. अनेक कुलपं बाहेरून कार्ड लावून दार उघडल्याचीच नोंद ठेवतात, आतून उघडून बाहेर पडल्याची ठेवतीलच असं नाही. त्यामुळे ‘दार उघडलं नाही, म्हणजे बाल्कनीतूनच गेला’ हा तर्क कुणी मांडला, तर ते कुलूप कोणत्या प्रकारचं आहे हे विचारा. पडलेला माणूस आपोआप ओळखून ब्रिजवर इशारा देणाऱ्या यंत्रणाही आहेत आणि त्यांच्यासाठी आयएसओ 21195 हे मानक 2020 मध्ये आलं. पण त्या सगळ्या जहाजांवर नाहीत. पुष्कळ ठिकाणी कॅमेरा चित्रण करतो, मात्र कुणी मागे जाऊन पाहीपर्यंत ते कुणाला कळत नाही.

बचाव केंद्राला माणसाची उंची, वजन, अंगावरचे कपडे, पोहता येतं का, औषधं कोणती आणि दारू घेतली होती का, हे सगळं खरं सांगा. पाण्यात किती तास तग धरेल याचा अंदाज यावरूनच बांधतात, आणि शोध किती वेळ चालू ठेवायचा हे त्या अंदाजावरही ठरतं. लाजेपोटी दारूची गोष्ट लपवू नका. फार थंड पाण्यात पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आवरत नाही, दहा मिनिटांच्या आसपास हातापायांतलं बळ जातं आणि तासाभरात शुद्ध हरपू शकते. कोमट समुद्रात चित्र फार वेगळं असतं. ऑगस्ट 2018 मध्ये एड्रियाटिक समुद्रात क्रूझवरून पडलेली एक प्रवासी सुमारे 10 तासांनी जिवंत सापडली. नोव्हेंबर 2022 मध्ये मेक्सिकोच्या आखातात एकजण 15 तासांहून जास्त काळ पाण्यात राहून वाचला. म्हणून ‘आता उपयोग नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

बंदरावर उतरला आणि परतला नाही

शोध सुरू होताच गँगवेची, म्हणजे जहाजात चढायच्या-उतरायच्या वाटेवरची नोंद पाहायला लावा. उतरताना आणि चढताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावलं जातं, त्यामुळे उतरल्याची नोंद असून परतल्याची नसेल तर शोध त्या बंदरात व्हायला हवा. जहाजं वेळ झाली की निघतात. न परतलेल्या प्रवाशाचा पासपोर्ट शक्य असेल तर केबिनच्या तिजोरीतून काढून बंदरातल्या कंपनीच्या एजंटाकडे ठेवायची पद्धत आहे. एजंटाचं नाव आणि फोन मागून घ्या आणि स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्या देशाच्या पोलिसांमार्फत इंटरपोलची पिवळी सूचना काढता येते. ती बेपत्ता व्यक्तींसाठीच असते, पण कुटुंबाने थेट अर्ज करून मिळत नाही.

केबिन आणि पुरावे

केबिनला हात लावू नका. पलंग, चपला, ग्लास, बाल्कनीतली खुर्ची, कठडा, सगळं होतं तसं राहू द्या आणि स्वतःसाठी दुसरी केबिन मागा. दारापाशी उभं राहून फोनने चारही बाजूंची छायाचित्रं काढा. खुर्ची कठड्याला टेकलेली आहे का, चपला कुठे आणि कशा आहेत, चष्मा, फोन, कार्ड आणि औषधं मागे राहिली का, हे बारकावे नंतर तपासाची दिशा ठरवतात. सफाई कर्मचारी रोजच्या सवयीने केबिन आवरतात, म्हणून दाराला मोहोर लावून घ्या आणि कधी लावली ते लिहा. अपवाद फक्त त्याच्या फोनचा: तो चार्ज करत ठेवा, पण अंदाजाने पासवर्ड टाकू नका.

कठड्याचीही उंची मोजायला सांगा. अमेरिकेच्या बंदरांतून प्रवासी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजांना 2010 च्या कायद्याने कठडा किमान 42 इंच, म्हणजे 107 सेंटिमीटर ठेवणं बंधनकारक आहे. एवढ्या उंचीवरून माणूस नुसता घसरून सहसा पडत नाही. वर बसणं, चढणं, शेजारच्या बाल्कनीत जायचा प्रयत्न, खूप वाकणं, किंवा दुसऱ्या कुणाचा हात, असं काहीतरी मध्ये असतं. यातलं नेमकं काय, हे पुराव्यावरून ठरू द्या. बऱ्याचदा पहिल्याच दिवशी ‘स्वतःहून गेला असावा’ असं सुचवलं जातं. तसं नसेलच असं नाही. पण चित्रण पाहण्याआधी आणि शेजारच्या केबिनमधल्यांशी बोलण्याआधी ते मान्य करून कशावरही सही करू नका.

आता वेळेचं दुसरं गणित. जहाजावर विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखं प्रवासनोंद यंत्र असतं. त्यात ब्रिजवरचं बोलणं, रडार, वेग, दिशा आणि रेडिओसंभाषण साठतं. 1 जुलै 2014 पासून बसवलेल्या यंत्रांत ही नोंद 30 दिवस राहते. त्याआधीच्या यंत्रांना मात्र फक्त 12 तासांची अट होती, त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं. कॅमेऱ्यांचं चित्रणही असंच पुसलं जातं. आणि प्रवास संपला की काही तासांत नवे प्रवासी चढतात, जुने साक्षीदार जगभर पांगतात.

म्हणून त्याच दिवशी कप्तानाला आणि कंपनीच्या कार्यालयाला ईमेल पाठवा. त्यात लिहा की अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं सर्व कॅमेऱ्यांचं चित्रण, प्रवासनोंद यंत्राची माहिती, ब्रिज आणि सुरक्षा विभागाच्या नोंदवह्या, कुलपांच्या व कार्डांच्या नोंदी, पडल्याचे इशारे देणारी यंत्रणा असल्यास तिच्या नोंदी, आणि त्या रात्रीची कर्मचाऱ्यांची ड्यूटी यादी जतन करावी. ‘संबंधित चित्रण’ असं मोघम लिहू नका. काय संबंधित हे मग तेच ठरवतील. आजूबाजूच्या, वरच्या आणि खालच्या केबिनमधल्या प्रवाशांना स्वतः भेटून नाव आणि संपर्क घ्या. कंपनी मदतीला माणूस देते. तिकिटं, हॉटेल, फोन यांसाठी त्याची मदत जरूर घ्या, पण तो कंपनीचा नोकर आहे हे विसरून मनातले सगळे तर्क त्याच्यापुढे मांडू नका.

तपास कुणाचा?

खुल्या समुद्रात जहाजावर त्याच्या झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो. जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं: नासाऊ असेल तर बहामा, व्हॅलेटा म्हणजे माल्टा, हॅमिल्टन म्हणजे बर्म्युडा. कंपनीचं कार्यालय कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. जहाजावरून माणूस नाहीसा होणं ही आंतरराष्ट्रीय नियमांत सागरी दुर्घटनाच धरली जाते, त्यामुळे त्या देशाच्या सागरी प्रशासनाला स्वतः लेखी कळवा. त्याच वेळी आपल्या देशाचा दूतावास आणि पुढच्या बंदरातले पोलीस यांनाही कळवा. बेपत्ता व्यक्ती अमेरिकी नागरिक असेल आणि जहाजाला तो 2010 चा कायदा लागू असेल, तर एफबीआयला कळवणं जहाजावर बंधनकारक आहे. सागरी प्रशासनाची सुरक्षा चौकशी आणि पोलिसांचा गुन्हे तपास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा हेतू दोषी ठरवणं हा नसतो. एक सुरू झाली म्हणून दुसरी होईलच असं समजू नका.

तिकिटामागच्या अटी पहिल्याच आठवड्यात वाचा. अमेरिकी कंपन्यांच्या तिकिटांत दाव्याची लेखी सूचना 6 महिन्यांत आणि खटला 1 वर्षात, तोही ठरावीक शहरातल्या न्यायालयात, अशी अट सर्रास असते. अथेन्स करार, म्हणजे समुद्री प्रवाशांच्या नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार, लागू असेल तिथे मुदत 2 वर्षांची असते आणि मृत्यूच्या बाबतीत ती माणूस ज्या दिवशी उतरायला हवा होता त्या दिवसापासून मोजतात. मृतदेह नसताना मृत्यू गृहीत धरायला कित्येक देशांत 7 वर्षांची अट आहे. काही ठिकाणी पुरावा भक्कम असेल तर न्यायालय आधीही तसं घोषित करतं. दाव्याची मुदत मात्र या 7 वर्षांसाठी थांबत नाही. सागरी दावे चालवणारा वकील म्हणूनच लवकर गाठावा लागतो.

आणि आईवडील, मुलं किंवा सख्ख्या भावंडांचा डीएनए नमुना पोलिसांकडे देऊन ठेवा, त्याच्या दातांच्या एक्स-रे चित्रांसह. समुद्र कधीकधी मृतदेह महिन्यांनी आणि भलत्याच देशाच्या किनाऱ्यावर परत देतो, आणि नमुना नोंदीत नसेल तर तिथे सापडलेला माणूस बेवारसच राहतो.