बावीस नंबरची तळटीप

पीएचडीचं पहिलं प्रकरण गाईड मॅडमच्या हाती दिलं तेव्हा मी हवेत होते. विषय साताऱ्याकडचे आठवडे बाजार, तळटीपा साठेक. मॅडमनी कपाटातनं एक जाडजूड ग्रंथ काढून पुढ्यात ठेवला. "बावीस नंबरची टीप. काढ बघू ते पान."

मी लिहिलं होतं 'सातारा गॅझेटियर' (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि पान नंबर. पान उघडलं, तर बाजाराचा मागमूस नाही. माझं टिपण होतं 1885 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधलं, एकोणिसाव्या खंडातलं. समोर होतं 1963 चं. जिल्हा एकच, पण पुस्तकं दोन. वर्ष लिहिलं असतं तर भागलं असतं.

घरी येऊन बाकीच्या टिपा तपासायला घेतल्या आणि घामच फुटला. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके छापलेला असतो. एका ठिकाणी मी 'शके 1832' बघून नुसतं 1832 टाकलेलं. त्यात 78 मिळवायचे, म्हणजे 1910 (वर्षाअखेरचे, जानेवारी ते मार्चमधले महिने असतील तर 79). माझ्या हिशेबाने लेखक जन्माला यायच्या आधीच त्यांचं पुस्तक छापून झालं होतं!

दुसरी खोड उसनवारीची. जुन्या कागदपत्रांच्या दप्तरातला उतारा मी एका अलीकडच्या पुस्तकात वाचला आणि टीप थेट दप्तराची दिली, जणू मीच त्या कागदांचे रुमाल (बांधलेली फडकी) सोडून बसले होते. अशा वेळी मूळ कागदाचं नाव द्यावं आणि पुढे 'उद्धृत' म्हणून जे खरोखर वाचलं त्या पुस्तकाचं. यात कमीपणा काही नाही.

संदर्भ देण्याची शैली कुठली, हे विभागात आधीच विचारून घ्या. एपीए या अमेरिकन शैलीच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव गाळतात, आणि तीन किंवा जास्त लेखक असले तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच 'आणि इतर'. 'तत्रैव' (म्हणजे 'आधीच्या टिपेतल्याच पुस्तकात') मात्र जपून वापरा. मधे एक नवी टीप घुसली की ते भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मराठी पुस्तकांची माहिती मला तरी बहुतेक हातानेच भरावी लागली.

आणि ते दहा टक्क्यांचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून पोरं तेवढाच आकडा सांभाळतात. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला की सॉफ्टवेअरला सहसा पत्ता लागत नाही. तरी टीप न देता केलेली ती चोरीच, आणि गाईडने मूळ वाचलेलं असलं तर दुसऱ्या ओळीलाच पकडली जाते.

हल्ली पुस्तक हातात आलं की आधी मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू यांचे फोटो काढते, मग उताऱ्याचा, पान नंबर दिसेल असा. साठ टिपा निस्तरायला अकरा दिवस गेले. सात टिपांची पुस्तकं सापडलीच नाहीत. ती वाक्यं काढून टाकली. त्यातलं एक फार आवडतं होतं.